बाबांच्या नावाने लावलेले शब्द

आई,

तू भाजीला गेली आहेस आणि बाबांसमोर हे बोलता येणार नाही, म्हणून चिठ्ठी तांदळाच्या डब्यात ठेवतेय. तो डबा ते उघडत नाहीत.

काल मी ऑफिसमधून लवकर आले. बाबा सोफ्यावर गाढ झोपले होते आणि तेवढ्यात माझ्या फोनवर आम्ही दोघं खेळतो त्या इंग्रजी शब्दांच्या गेममधला त्यांचा शब्द आला, 'झेफर'. झेड, एक्स असली अवघड अक्षरं आली की हल्ली ते मला हरवतात, म्हणून आजवर मी खुशीत होते. आत पाहिलं तर तू ओट्याशी पाठमोरी, हातात त्यांचा फोन. अक्षरं टाकली की इंग्रजी शब्द शोधून देणारी वेबसाइट उघडी होती. मी तशीच मागे फिरले.

मग जेवताना बाबांना 'चमचा' आठवेना. त्यांनी बोट दाखवायच्या आत तू तो पुढे केलास. विरारच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलेला माणूस, आई.

डॉक्टरांनाही तू हेच सांगितलंस ना, की डोकं शाबूत आहे, पोरीला गेममध्ये हरवतात? कधीपासून चाललंय हे? आता तू 'बरे आहेत' म्हणालीस तरी माझा विश्वास बसत नाही.

शनिवारी गोखिवऱ्याच्या डॉक्टरांकडे बाबांची स्मरणशक्ती तपासायला नाव लावलंय. मी रजा घेतेय.

गेममध्ये आता बाबांची पाळी आहे. फोन त्यांच्याच हातात दे. त्यांनी 'कॅट' लावला तरी चालेल. काहीच लावता आलं नाही, तर तेही मला कळू दे.

उन्नती