अकरा दिवसांचा उजेड

४ फेब्रुवारी १९८९, शनिवार
संध्याकाळी सव्वासहा

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुकानात एकटाच आहे. दवाखान्याच्या पाटीचा रंग वाळेपर्यंत थांबायचं आहे, म्हणून तिच्याशेजारी बसून लिहितोय. ‘हृदयरोग’ तीनदा तपासलं. बरोबर आहे.

तुझ्या पत्राप्रमाणे केलं. झाडं रात्री माणसाच्या वाट्याचा प्राणवायू ओढतात, बाबांच्या दम्याला ते धोक्याचं, असं तू लिहिलंस आणि माझ्या डोळ्याला डोळा लागेना. मागच्या रविवारी आईची वेल बाबांच्या खिडकीतून काढली आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवली. दिवसाही परत आणली नाही. म्हटलं, रात्री चोरी करणाऱ्याचा दिवसा तरी काय भरवसा!

बाबांना सांगितलं की वेलीला कीड लागली आहे. पण तीस वर्षं बॉयलरमध्ये कोळसा घातलेला माणूस तो. ज्यांना राखेवरून कोळसा कळतो, त्यांना माझ्या तोंडावरून थाप कळणार नाही? आज सकाळी काठी टेकत गेले आणि कपाट उघडलं. खालची पानं पिवळी पडली आहेत. नवा कोंब पांढुरका, लांबच लांब, दाराच्या फटीकडे मान करून वाढलेला. बाबा खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. वेल जागेवर येईपर्यंत दूध-बिस्किटांवर राहणार, असं त्यांनी मला वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांकरवी कळवलं. मी समोर स्टुलावर बसलो होतो, तरी!

वेल आणावी तर त्यांच्या श्वासाची भीती, न आणावी तर उपासाची. काय करू ते लगेच कळव. भाचीला पापा. मी घाबरट असलो तरी तुझाच आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
खारू

७ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

वेल कपाटातच राहील. त्यात बदल नाही. बाबा हट्टी आणि तू भित्रा; दोघांच्या मध्ये त्या खोलीत शहाणं कोणी उरलेलंच नाही. झाडं दिवसा अन्न करतात आणि रात्री श्वास घेतात, हे मीच तुझ्याकडून दहा वेळा घोकून घेतलं होतं. शाळा सोडलीस म्हणून तेही सोडलंस का?

आईच्या वेळी आपण ‘बघू, बघू’ म्हणत राहिलो. या वेळी मी बघत बसणार नाही. सोबत दोनशे पाठवते. एकोणीस तारखेला गाडी ठरव आणि बाबांना कायमचं माझ्याकडे घेऊन ये. मागची खोली रिकामी केली आहे. तिला खिडकी नाही, पण पंखा आहे आणि घरात झाडाचं एक पान नाही. ते ओरडले तर ओरडू देत. मी पण त्यांचीच मुलगी आहे.

तू वेळेवर जेवत जा. माझ्या बोलण्याचा राग धरशील, पण माया सोडणार नाहीस, हे ठाऊक आहे.

तुझी,
ताई

१२ फेब्रुवारी, रविवार
सकाळी साडेनऊ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या खोलीत, खिडकीशी बसून लिहितोय. आजवर तुझा शब्द मोडला नाही. आज मोडतोय. 

तुझं पत्र गुरुवारी सकाळी आलं. ते खिशात घेऊनच मी दवाखान्याची पाटी लावायला गेलो. शिडीवरूनच धीर करून डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की धडा अर्धाच पाठ केलात. झाड फक्त रात्री नाही, रात्रंदिवस श्वास घेतं. साखर जाळायची, त्यातून जगण्याचं बळ काढायचं आणि जळकी हवा बाहेर टाकायची, हे आपल्यासारखंच. पण उजेडात पान उलटा उद्योगही करतं. तीच जळकी हवा आणि पाणी घेऊन साखर बांधतं आणि प्राणवायू सोडतं. चांगल्या उजेडात त्याची कमाई खर्चाहून जास्त असते. काळोखात कमाई बंद, खर्च मात्र चालूच. म्हणजे आपली वेल कपाटात साठवणीवर जगत होती, ताई. बाबा दूध-बिस्किटांवर जगत होते तशी.

आणि रात्री ती किती हवा खाते, हेही विचारलं. बाई म्हणाल्या, माणसाच्या मानाने नगण्य. खोलीत आणखी कोण झोपतं? मी म्हणालो, मीच. तर म्हणाल्या, मग काढायचंच तर स्वतःला काढा. वेलीमुळे दमा बरा होईल असंही समजू नका, असं त्यांनी बजावलं. गोळ्या वेळेवर आणि खिडकी उघडी, एवढंच.

 ती खिडकी दोन वर्षांपूर्वी मीच रंगवली. रंग फटीत वाळला आणि ती चिकटली. आळ वेलीवर आणि हवा अडवणारा मी!

वेल त्याच दुपारी जागेवर आणली. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, यात नवीन काय? एकाने कोळसा आणायचा आणि दुसऱ्याने जाळायचा, त्याशिवाय कुठलं बॉयलर चाललंय? मग शिंपीकाकांना हाक मारून त्यांनी जाहीर केलं, की जो रात्रभर घोरतो आणि एक पान हिरवं करत नाही, त्याला आधी जिन्याखाली ठेवा. त्या रात्री पोटभर जेवले.

शुक्रवारी सुतार आणला. चौकट खरवडून, बिजागऱ्या बदलून खिडकी उघडली. त्यासाठी तुझे गाडीचे पैसे मोडले. न विचारता मोडले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन.

एकोणीसला आम्ही येत नाही. बाबांचा निरोप त्यांच्याच शब्दांत: लेकीला सांग, खिडकी नसलेल्या जागेत ठेवल्यावर काय होतं ते मी कपाट उघडून पाहिलंय. तिच्या घरी मी पाहुणा म्हणून येईन, बिऱ्हाड घेऊन नाही.

तूच ये. भांडायला ये. खिडकीत बसून भांडू. रागात लिहिलंस तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
खारू

ता. क. हिशेब:
तुझे आले: दोनशे.
सुतार नव्वद, बिजागऱ्या आणि स्क्रू बावीस, वेलीला दोरी चार. एकूण एकशे सोळा. हे मी तुझं देणं लागतो, पगारातून फेडीन.
शिल्लक चौऱ्याऐंशी. परत पाठवत नाही. तुझ्या येण्याच्या भाड्यासाठी ठेवले आहेत.
शिवाय वेलीचं देणं: अकरा दिवसांचा उजेड. गुरुवारपासून फेडतोय.