हमूदानं मारलेला चेंडू

मी, सबरी अब्दुल मौजूद, वय बासष्ट, धंदा रेडिओ दुरुस्ती, राहणार अरब वस्ती, पोर्ट सईद, अल्लाला स्मरून, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही जबरदस्तीशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवत आहे. उद्या सकाळी हृदयाची शस्त्रक्रिया आहे आणि मी भयंकर घाबरलो आहे. हे वाक्य गाळा, असं वकीलसाहेब म्हणाले. ते गाळायचं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक शरीयतप्रमाणे माझी पत्नी नगात आणि मुलगा हुसाम यांच्यात वाटली जावी. नगातला हयातभर कोणी घराबाहेर काढू नये. स्वयंपाकघरातला रेडिओही बंद करू नये. मला शांतता सोसत नाही, मेल्यावरही सोसणार नाही.

२. दुकानातली हत्यारं हुसामला. टीव्ही तर त्याचाच आहे. आवाज बंद करून फुटबॉलचे सामने बघतो! परवा छातीत कळ आली तेव्हा डोळे मिटून मी म्हणालो, "हुसाम, काय चाललंय ते सांग की रे." तर म्हणतो कसा, "बाबा, डोळे उघडा ना, सगळं दिसतंय!" उद्या भूल दिल्यावर मला काही दिसणार नाही, बाळा.

३. बिशारा तवाद्रोस, पावभट्टीवाला, याला मी काहीही ठेवलेलं नाही. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही असं वकीलसाहेब म्हणतात, आणि मला त्याचीच साक्ष हवी आहे. आमचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे. कारण असं.

छप्पन्न साली सुएझ कालव्याच्या लढाईत बॉम्ब पडत होते तेव्हा आम्ही त्याच्या बापाच्या भट्टीखालच्या तळघरात पिठाच्या पोत्यांमागे दडलो होतो. मी नऊ वर्षांचा, बिशाराही तेवढाच. माझे दात वाजत होते. माझा अतवा मामा बोटीतून जहाजवाल्यांना किडूकमिडूक विकायचा, आणि सामना बघून आला की धक्क्यावरच्यांना अख्खा तोंडी सांगायचा. त्या दिवशी तो दाराशी बसला आणि कधी झालाच नव्हता असा सामना सांगू लागला. आमचा संघ विरुद्ध कैरो, एक-एक बरोबरी. "पोरांनो, कान इकडे! चेंडू आपल्या हमूदाकडे. एकाला चकवलं, दुसऱ्याला बसवलं खाली..." मी तोवर एकही सामना पाहिला नव्हता. पण भीती गेली, आणि मी या संघाचा झालो तो आजतागायत. "हमूदानं मारला," मामा एवढं म्हणाला आणि दार आत कोसळलं. आम्हा दोघांना ढिगाऱ्यातून काढलं. मामा गेला.

गोल झाला, असं माझं म्हणणं. बिशारा म्हणतो, "गोलच्या खांबाला लागला. टण् आवाज मी ऐकलाय."

"अरे गाढवा, ते लोखंडी दार होतं!"

"दार धाडकन वाजतं, सबऱ्या. तुला रेडिओतलं कळतं, खांबातलं नाही."

शेवटी एकदा चहाच्या दुकानात मी ओरडलो, "मामा माझा होता, तुझा नाही!" तो पेला ठेवून उठला, तो परत आलाच नाही.

४. उद्या मला आत नेईपर्यंत बिशाराने खाटेशी बसून तो सामना पहिल्यापासून सांगावा. दुसऱ्या कोणाला तो येत नाही. डॉक्टरांनी हाकललं तर दारातून ओरडून सांगावा. फक्त "हमूदानं मारला" इथे थांबू नये. त्यानंतरची शांतता मी एकदा ऐकली आहे. ती ऐकत मरायची मला फार भीती वाटते. खांबाला लागला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, मी वाद घालणार नाही.

वकीलसाहेब हा कागद घेऊन आत्ताच भट्टीवर जातील. सही करायची की नाही, ते बिशाराने ठरवावं.

पोर्ट सईद, १४ मार्च २००९
सही: सबरी अब्दुल मौजूद

साक्षीदार १: इस्माईल शरारा, वकील

साक्षीदार २: बिशारा तवाद्रोस
वाचून सही केली. चेंडू खांबालाच लागला, आणि लागून मैदानात परत आला. म्हणजे खेळ चालू आहे, सबऱ्या. पुढचं येऊन सांगतो.