वाटीतले हिरवे खडे

सलोनी,

आई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा तिचा भुईआवळीचा काढा ओट्यावर झाकलेला होता. ती बरी झाली असंच आपण समजत होतो, कारण तेल आणि लिंबाचा रस पिऊन तिचे हिरवे खडे पडले होते. काल तू तशीच वाटी माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, "बाबा, माझेही पडले बघा!"

ते पित्ताशयातले खडे नाहीत गं. तेल आणि लिंबू मिळून पोटात साबण होतो, त्याच्या त्या गोळ्या. आईच्या डॉक्टरांनी सांगितलं, पण तेव्हा खरा खडा पित्तनळीत अडकून उशीर झाला होता. हळदीवर, भुईआवळीवर लहानसहान अभ्यास झालेत, पण काढ्याने खडा विरघळल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असंही ते म्हणाले.

सोनोग्राफीला तुझा नंबर लावायला मी सदाशिव पेठेत गेलोय. चिडलीस तरी चालेल, पण चल. तेलाची बाटली बरोबर नेली आहे, शोधू नकोस. खिचडी केली आहे, तूप घातलेलं नाही.

घरात आता आपण दोघंच. आईचं ते काढ्याचं पातेलं अजून माझ्याच्याने घासवलं नाही.

बाबा