उघडं राहिलेलं झाकण

वसई रोड
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय जॅक्सन,

मामाचे तुला, क्रिस्टिनाला आणि धाकटीला आशीर्वाद. तिचे दात आले का? आले असतील तर तुझी झोप गेली असणार, आणि तुझी गेली तर बरंच आहे, तुझ्या आईची तू अशीच घालवली होतीस.

कागद बघून हसशील. जन्मभर लोकांचे लॅपटॉप उघडून बसलेला माणूस आणि हाताने पत्र लिहितोय! पण तू फोन उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं शांत. शिवाय हे फोनमध्ये पडून राहावं असं मला वाटत नाही. कागद वाचून फाडता येतो.

इकडचं सांगायचं तर दुकान जोरात आहे. दिवाळीच्या सेलमध्ये लोकांनी ते कागदासारखे पातळ लॅपटॉप घेऊन ठेवलेत आणि आता माझ्याकडे येतात, "मामा, जरा रॅम वाढवून द्या, स्टोरेज डबल करा." मी म्हणतो, बाबांनो, याचं सगळं बोर्डावरच जोडून आलेलं असतं. घेताना जे मिळालं तेच शेवटपर्यंत. तोंड पाडून जातात. नंदाखालला तुमच्या वाडीत केळी बरी धरलीत. पण विहिरीजवळची पोफळ वाकली आहे, तेवढी कोणीतरी बघायला हवी. तुझी आई ठीक आहे. जेवते, मिस्साला जाते, शेजारच्या सेबेस्टियनशी कोंबड्यांवरून भांडते.

परवा रविवारी, तुझ्या पाठच्या ॲल्रॉयला जाऊन वर्ष झालं त्याची मिस्सा आहे, हे तुला सांगायला नको. चर्चमधून सगळे घरी येतील. तुझ्या आईने पन्नासेक खुर्च्या सांगितल्यात. मुलांना खाली, पुढे बसवणार आहे, सतरंजीवर. अल्तारासमोर.

आता त्या अल्ताराविषयी लिहितो.

तू वर्षभर घरी आला नाहीस, म्हणून तुला चित्र कळावं. बाहेरच्या खोलीत भिंतीला येशूचा फोटो आहे, खाली ते शिसवी कपाट, त्यावर ॲल्रॉयचा फोटो, आणि त्याच्या शेजारी त्याचा लॅपटॉप. उघडा. चालू. तू त्याला घेऊन दिलेला तोच, करड्या रंगाचा, एका बोटावर तोलता येणारा. मागे तेलाचा दिवा. बाजूला फुलं. पडद्यावर त्याचं अर्धवट राहिलेलं काम: कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ, नवरी चर्चच्या दारात थांबलेली, एक पाय पायरीवर. वर्षभर ती तिथेच आहे. आता पडदा काळा केला तरी तिचा पुसटसा आकार दिसेल, इतकी ती काचेत मुरली आहे.

तुझी आई सांगते की तो आपोआप उघडला. सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर ती कॉफी घेऊन ॲल्रॉयच्या आतल्या खोलीत गेली, तर बंद ठेवलेला लॅपटॉप उघडा, पडदा पेटलेला, आणि खोलीत कोणी नाही. तिची ती किंकाळी तुझ्या कानात असेल. तू विहिरीपाशी उभा होतास. "फर्डी, त्याने दार उघडलं रे," असं ती मला म्हणाली, आणि आठवडाभर पाण्याशिवाय काही न घेतलेल्या माझ्या बहिणीने त्या रात्री पेज खाल्ली. मला म्हणाली, "हे आता मिटायचं नाही. काय ते कर." मी त्याच तासाला सेटिंग बदललं. झोपायचं नाही, पडदा विझवायचा नाही, चार्जर काढायचा नाही. तेव्हापासून तो जागा आहे.

लोक येतात. आधी आपल्या आळीतले, मग आगाशी-निर्मळकडचे. मेणबत्त्या लावतात. एकीने तर नातवाचं कपाळ त्या टचपॅडला टेकवलं. फादर एकदा आले, आणि जाताना मला हळूच म्हणाले, "फर्डिनंड, तुम्ही या विषयातले आहात ना?" मी म्हटलं, "फादर, मी फक्त दुरुस्ती करतो."

त्यातली गंमत ऐक. त्या मशीनला अपडेट हवं असतं. रोज कोपऱ्यात चौकट येते, आज रात्री रीस्टार्ट करू का? तुझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण कुठे दाबायचं ते तिला ठाऊक झालंय. एका हातात रोझरीची माळ, दुसऱ्या हाताचं बोट 'नंतर'वर. "सारखं विचारतो मेला," म्हणते. शेवटी मी वायफायच काढून टाकलं.

त्यातले फोटो, व्हिडिओ, गाणी मी पहिल्याच महिन्यात उतरवून घेतली. दुकानात दोन ठिकाणी ठेवली आहेत. तिला सांगितलं. "मला त्याचं काय करायचंय?" म्हणाली. तिला फोटो नकोत. ते झाकण उघडं राहिलेलं हवंय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मागच्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर खुर्चीत डोळे मिटून पडलो होतो, आणि मला 'कट' असा आवाज आला. वाळलेली शेंग तडकावी तसा. तुला माहीत आहे, मी रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केली, तेव्हा माझ्याकडे मीटर घ्यायची ऐपत नव्हती. कानावरच धंदा उभा केला. पंखा घासतोय, हार्ड डिस्क मरतेय, हे मी दारातून ओळखतो. आणि या लॅपटॉपला पंखाच नाही. त्यात फिरणारं काही नाही. ज्या यंत्राने जन्मात आवाज करायचा नाही, त्याचा आवाज मी ऐकला.

जवळ जाऊन पाहिलं. टचपॅड मधोमध वर आलाय. खालचा पत्रा पोट सुटल्यासारखा फुगलाय, कपाटावर ठेवला की डुगडुगतो. त्यातली बॅटरी फुगली आहे, जॅक्सन. वर्षभर चार्जरवर पूर्ण भरलेली, पाठीला दिव्याची ऊब. आतून गॅस धरते आणि पत्र्याला ढकलते. तो 'कट' आवाज डिंकाने चिकटवलेली कड सुटल्याचा होता. दुकानात अशी आली की मी ती वाळूच्या बादलीशेजारी ठेवतो आणि पोरांना लांब करतो. एकदा पेटली की ती पाण्याने विझत नाही. आणि इथे मागे दिवा, खाली शिसवी लाकूड, भोवती मेणबत्त्या, आणि परवा पुढ्यात मुलं.

मी तिला समजावलं. दिवा लांब सरकवला, तिने पुन्हा जागेवर आणला. म्हटलं, मी बॅटरी बदलून आणतो, पण त्यासाठी बंद करावा लागेल. तर म्हणाली, "बंद झाला की पासवर्ड मागंल. तो कोनाला ठाऊक?" आणि मग जे म्हणाली ते तिच्या शब्दांत लिहितो: "त्याने उघडलंय, तू मिटलंस तर या घरात पाय ठेवू नकोस."

तिला मी काय सांगणार होतो?

मी सांगू शकलो असतो, जॅक्सन. वर्षभर सांगू शकलो असतो. त्या सातव्या दिवशी मी स्वयंपाकघरात होतो, आणि मधे तुमची ती फळीची भिंत आहे. तू आत गेलास, दार लोटून घेतलंस. झाकण उचलल्याचा आवाज आला. मग कीबोर्डवर एक झटकन धावलेली ओळ, मधे न अडखळता, आणि एंटर. पासवर्ड आठवून टाकणारा माणूस थांबतो, चुकतो, पुन्हा टाकतो. तू थांबला नाहीस. मशीन तूच पासवर्डसकट बसवून दिलं होतंस त्याला. मग थोडा वेळ काही नाही. आणि मग कागद चुरगळल्यासारखा आवाज आला. त्या खोलीत कागद नव्हता. त्या जातीचे लॅपटॉप कचरापेटी रिकामी करताना तसा आवाज करतात, मी दिवसातून कितीदा तरी ऐकतो.

पॅसेजमध्ये आईच्या सपाता वाजल्या, तसा तू मागच्या दाराने विहिरीकडे गेलास. झाकण मिटायला वेळ मिळाला नाही, एवढंच झालं. नंतर तिने सगळ्यांसमोर विचारलं, "कोनी हात लावला का?" तू म्हणालास, "मी नाही." मीही गप्प बसलो. ती पेज खात होती रे. तिच्या हातातून वाटी काढून घेण्यासारखं वाटलं.

तू काय पुसलंस ते मला माहीत आहे. ऐकून नाही, वाचून. ज्या अपघातात तो गेला, त्या दिवशी दुपारी ॲल्रॉय दुकानात आला होता. तू लावून दिलेली नोकरी सोडून त्याने लग्नाचे व्हिडिओ करायला घेतले, त्यावरून तुमचं वाजलं होतं. त्याने लॅपटॉप काउंटरवर उघडला आणि तुझा मेसेज माझ्यासमोर फिरवला. "परत दारात येऊ नकोस. माझ्यासाठी तू मेलास." म्हणाला, "बघ मामा, आपला दादा कसा सिनेमातलं बोलतो!"

हसत होता, जॅक्सन. माझी शपथ. तुझ्या आईला तरुणपणी मी याहून वाईट बोललोय, आणि संध्याकाळी तिच्याच हातचं जेवलोय.

तो आला होता ते रॅम वाढवायला. व्हिडिओ अडकत होते. मी नेहमीचं सांगितलं, यात काही वाढत नाही, नवा घ्यावा लागेल. तर लॅपटॉप मिटून माझ्याकडेच ठेवला. "सांभाळ, घरी दे," म्हणाला. "विरारला जातो. दादाच्या पाया पडतो, शिव्या खातो आणि नवा काढतो त्याच्याकडून." आणि बाइकला किक मारली. रागाने कुठे निघून गेला नव्हता तो. तुझ्याकडे येत होता.

हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, 'तुझ्याकडे येत होता' हे ऐकून तू आणखी खचशील. आता वाटतं, न सांगून मी तुला त्या मेसेजबरोबर एकटाच ठेवला.

तर माझं म्हणणं असं होतं, की उद्या शनिवारी सकाळी, कोणी यायच्या आत, तू ये. आईला खरं सांग. मेसेजचं सांगू नकोस, ते गेलं. 'उघडलं मी,' एवढं सांग. मग मी मशीन बंद करतो, बॅटरी काढतो, नवी आणून ठेवली आहे. आणि ते पुन्हा सुरू झालं की तू तिच्यासमोर पासवर्ड टाक. तिला दिसू दे की उघडणारा एक मुलगा अजून आहे. ती तुला मारेल कदाचित. मार खा.

*

वरचं लिहून झालं आणि चहा मागवला, तेवढ्यात तुझ्या आईचा फोन आला. आवाज एकदम आनंदी. वर्षभरात तसा ऐकला नव्हता.

म्हणाली, "फर्डी, खोलीत वास सुटलाय. गोड. सेबेस्टियनच्या बायकोलाही येतो. बाहेर बायका जमल्यात, म्हणतात ही खूण आहे."

मी विचारलं, "फुलांचा असेल?"

"फुलं काल तूच नाही का काढलीस, सुकली म्हणून?"

तो वास मला माहीत आहे. फुगलेल्या बॅटरीची पिशवी फाटली की येतो, आतल्या रसायनाचा. पिकलेल्या फळासारखा असतो, पहिल्यांदा घेणाऱ्याला आवडतोसुद्धा.

मी तिला म्हटलं, सगळ्यांना घेऊन अंगणात जा. म्हणाली, "का? आम्ही रोझरी सुरू करतोय." आणि मागे बायकांनी सुरुवात केलेली मला ऐकू आली. त्यांच्या आवाजाखालून आणखी एक बारीक, फुसफुसल्यासारखा आवाज येत होता. तो फोनचा असू दे.

सेबेस्टियनला फोन करून दिवा विझवायला आणि सगळ्यांना बाहेर काढायला सांगितलंय. त्याचं ती ऐकणार नाही. मी वाळूची बादली गाडीत टाकून निघतोय. उद्यापर्यंत थांबता येणार नाही, तिला विचारताही येणार नाही. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर, मी ते उचलून अंगणात नेणार आहे. त्यानंतर ती मला घरात घेईल असं वाटत नाही. आतला बोर्ड वाचला तर वाचला, नवी बॅटरी आहेच.

हे पत्र घेऊन माझा कारागीर नथू तुझ्या दारात उभा आहे. त्याच्या डोक्यावर एक हेल्मेट आहे आणि हातात एक. ते तुझं आहे. पत्र वाचून फाड आणि त्याच्या मागे बस.

बंद मी करतो. उघडायला तू ये.

तुझा,
फर्डिनंड मामा