दत्ताच्या पादुकांपुढचा कठडा

रायपूर, रविवार संध्याकाळ

सर, तुम्ही गेल्यापासून या वहीत एक ओळ लिहिली नाही, माफ करा. आजही रागाने लिहिते आहे, आणि थोडा राग तुमच्यावरही आहे.

तुम्ही सतराव्या शतकातलं इंग्लंड शिकवत होतात. गावोगावच्या चर्चमधलं प्रसादाचं लाकडी टेबल लोकांमधून उचलून भिंतीशी नेलं, पुढे कठडा घातला, आणि शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. कारण काय सांगत, तर कुत्री येतात. आम्ही हसलो होतो. मी टेबल लोकांमध्येच हवं म्हणणाऱ्यांच्या बाजूने तावातावाने उत्तर लिहिलं. तुम्ही मला व्हरांड्यात थांबवलंत आणि वर्गातली हिंदी सोडून आपल्या बोलीत म्हणालात, "वकिली काहून करून राहिली, पोट्टी? त्या कठड्याशी गुडघे कोणाले टेकावे लागले, ते लिही."

आता पुरानी बस्तीतल्या आमच्या दत्तमंदिरात पादुकांपुढे स्टीलचा कठडा बसणार आहे. आत फक्त पुजारी. सिलतऱ्याच्या कारखान्यातून तो बनून आलाय आणि सभामंडपात आडवा पडलाय, येणारा-जाणारा ठेचकाळतो. मंदिर समितीचे अध्यक्ष म्हणतात, "राजधानी का मंदिर है दीदी, ढंग का दिखना चाहिए. और कुत्ते घुसते हैं." दत्ताच्या मंदिरात हे बोलतात, सर! रोज पहाटे पादुका धुणाऱ्या मावशींनी मूर्तीच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांकडे बोट दाखवलं. "मंग याइले बी बाहेर काढा."

तेव्हापासून दोन तट, आणि एकाच गाभाऱ्यापुढे दोन आरत्या, एकमेकींवर आवाज चढवणाऱ्या. समितीत मतं समसमान आहेत, उरलंय माझं. दोन्हीकडचे घरी येतात, चहा पितात आणि मलाच धर्म शिकवतात. वीट आलाय. कठडा बसला की मावशींचा हात पादुकांना लागणार नाही. पण त्यांच्या नावाने गळे काढणाऱ्यांपैकी कोणी कधी पाण्याची बादली उचलायला आलेलं नाही. मीही नाही. आणि त्या इंग्लंडातल्या भांडणात बरोबर कोण, हे तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

एक तुम्हालाच सांगते, म्हणून हे वहीतच राहील. कठडा मला आवडलाय. एवढे हात फिरलेल्या पादुकांवर कपाळ टेकवायचं माझ्या जिवावर येतं. हे माझं मत आहे की नुसती किळस, ते मला ठरवता येत नाही.

उद्या: पहाटे मावशींबरोबर पादुका धुवायला जाणे.