बुधवारचं जेवण

बाई, माझं पुस्तक छापून हातात आलं तेव्हा पहिल्यांदा तुमचीच आठवण झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि बातमीही मला उशिरा कळली. तरी पान उलटताना तुम्ही मागे उभ्या राहून वाचताय असं वाटत होतं. घाई नको, सावकाश वाचा. सुकट आहे. सतराव्या पानावर आहे, चित्रासकट आहे, आणि कोणाच्या बापाला ती काढता आली नाही.

तुमचा चौथीचा वर्ग डोळ्यांसमोर येतो. वागळे इस्टेटच्या मागची ती पत्र्याची शाळा. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तसे बाबा कोळीवाडा सोडून इस्टेटमधल्या कारखान्यात लागले आणि आम्ही चाळीत राहायला आलो. शाळेत सगळी तशीच मुलं, कुठून कुठून पोटासाठी आलेल्यांची. कोणी सोलापूरकडचं, कोणी बनारसजवळचं, माझ्या बाकावरची मैत्रीण कल्याणच्या कोकणी मुसलमानांची. गॅदरिंगला आमचा 'भारत' उभा राहायचा. पुस्तकातल्या चित्राप्रमाणे एकेका प्रांताची जोडी, डोक्यावर फेटा नाहीतर टोपी. मला कोळीण केलं होतं आणि त्यासाठी भाड्याने लुगडं आणलं होतं. मला नटवून घरी नेलं तर आई बघतच राहिली. म्हणाली, "ही कोन गो? असा लुगरा आमचेत कोन नेसतं?" तुम्हाला ते सांगितल्यावर तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला.

त्याच्या पुढच्या शनिवारी तुम्ही ती गोष्ट सुरू केलीत. कल्याण स्टेशनच्या पुलावर एक मुलगी हरवली आहे. इतकी लहान की अजून धड बोलता येत नाही. कल्याणला तर देशाच्या सगळ्या बाजूंनी गाड्या येतात, त्यामुळे ती कुठली, कुणाची, काही कळायला मार्ग नाही. कळतं ते एवढंच की तिला भूक लागली आहे. दर शनिवारी एकाने तिला आपल्या घरी न्यायचं आणि काय वाढलं ते सांगायचं. अट एकच. "सणाचं सांगायचं नाही. बुधवारचं सांगा. बुधवारी उपास नसतो, पाहुणे नसतात, बुधवारी माणूस खरं जेवतो." सोलापूरच्या मुलाने तिला भाकरीबरोबर शेंगांची चटणी दिली आणि पाणी भरायला लावलं. माझ्या मैत्रिणीकडे अम्मीला ताप होता म्हणून अब्बांनी खिचडी केली आणि ती करपली. वर्गातल्या कितीतरी मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिच्या घरी रोज बिर्याणी शिजत नाही.

माझी पाळी आली. मी आदल्या दिवसापासून तयारी केलेली. आमच्याकडे तिला केळीच्या पानावर पुरणपोळी वाढली, म्हटलं, वरून तूप, आणि बाबा झोपाळ्यावर बसले होते. मैत्रिणीच्याने राहवलं नाही. "बाई, हिच्याकडे झोपाळा कुठेय? झोपाळा टांगला तर दार पण नाय उघडणार!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही रागावलात, आणि तुमचा राग म्हणजे आवाज खाली जायचा. "ती तुझ्याकडे जेवलीच नाही. ती पुस्तकात जेवली. उपाशी राहिली ती तुझ्यामुळे. पुढच्या शनिवारी तिला परत ने." मी रडत घरी गेले. मला खरंच वाटायचं, गोष्टीत जेवण म्हणजे तेच असतं. मी वाचलेल्या एकाही गोष्टीत कोणी सुकट खाल्ली नव्हती. गोष्टीतल्या सगळ्या आया स्वच्छ, गोऱ्यापान, तुळशीला पाणी घालणाऱ्या. माझी आई त्यांत कुठे बसणार?

आई स्टोव्हला पंप मारत होती. मी विचारलं, अशी अशी मुलगी दारात आली तर काय वाढशील? तिने वरही बघितलं नाही. "भुकी पोर दारान आली ना गो? मंग सुकट न तांदलाची भाकर. इचाराचा काय त्यान?" पुढच्या शनिवारी मी तेच सांगितलं. परतताना सुकटीचा वास चाळभर गेला, मुलीला ठसका लागला, आईने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि तिने भाकरीचा दुसरा तुकडा मागितला. मागून कोणीतरी "ईऽऽ" केलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिने ई म्हटलं नाही. तिला भूक होती." आणि खडूने फळ्यावर गोष्टीतल्या घरांच्या ओळीत एक घर वाढवलंत. बाई, त्या खडूच्या घराइतकं मोठं घर मी अजून पाहिलेलं नाही.

मी पुढे मास्तरीणच झाले, विठ्ठलवाडीच्या बाजूच्या शाळेत. नव्वदनंतरची ती वर्षं तुम्ही पाहिली नाहीत, ते बरंच झालं. कोण इथला, कोण बाहेरचा, हे मुलंसुद्धा एकमेकांना विचारायला लागली होती. तेव्हा मी तुमची गोष्ट काढली, लिहिली, माझ्या वर्गातली घरं तिच्यात घातली आणि ठाण्याला एका प्रकाशकांकडे गेले. गृहस्थ सभ्य. चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, छान आहे, पण यात भारत दिसत नाही. असं करू, प्रत्येक घरी एकेक सण असू दे. पेहराव येतील, चित्रांना रंग येईल. शेवटी मुलीच्या हातात झेंडा. आणि ते सुकटीचं तेवढं काढा, आईवडील पुस्तक विकत घेणार नाहीत हो." मी म्हटलं, "बुधवारी कोणी फेटा बांधून जेवत नाही." ते म्हणाले, मग नाही जमायचं. मी कागद उचलले. जिन्यात मला रडू यायला लागलं, पण तुमचा खाली गेलेला आवाज आठवला आणि मी परत वर गेले. म्हटलं, एका शनिवारी माझ्या वर्गात या. आधी तुमची सणांची गोष्ट सांगते, मग माझी सांगते. मुलं ठरवतील.

ते आले, हे त्यांचं मोठेपण. इस्त्रीचा झब्बा, मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. मी आधी त्यांची सणांची गोष्ट मन लावून सांगितली, उगाच खोट काढायला जागा नको. मुलांनी शहाण्यासारखी ऐकली, टाळ्या वाजवल्या आणि एकाने विचारलं, पाणी प्यायला जाऊ? मग मी माझी सुरू केली. तिसऱ्या घरापर्यंतच पोचले असेन, वर्ग उभा. "आमच्याकडे आण ना टीचर!" "आमच्याकडे दूध नासलेलं, चालेल?" सिंध्यांची एक मुलगी सांगते की आमच्याकडे काल आई-पप्पांचं भांडण झालेलं म्हणून सगळ्यांनी ब्रेड खाल्ला, तर तिलापण ब्रेडच. तिचा हात धरून बाजूची तेलुगू मुलगी म्हणते, मग उद्या माझ्याकडे पाठव, चारू आहे, चिंचेचं सार. तेवढ्यात एक भोचक पोरगी वळून मागच्या बाकाला विचारते, "काका, तुमच्याकडे बुधवारी काय असतं?"

बाई, त्या माणसाचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. म्हणाले, "मी... बुधवारी बाहेर जेवतो." "बाहेर काय जेवता?" ते झब्बा सारखा करायला लागले. "सांगा ना काका, बुधवारचं खरं सांगायचं असतं." कानापर्यंत लाल झाले. शेवटी हळूच म्हणाले, "बोंबील. स्टेशनजवळच्या खानावळीत. घरी चालत नाही ना." वर्गात जो काय कल्ला झाला! मुलं बाकांवर चढली. "मग तिला पण न्या खानावळीत!" आणि तेच हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जाताना दारात थांबून म्हणाले, "सुकट राहू द्या. झेंडाही नको. आणि जमलं तर एक खानावळ घाला." घातली आहे. चोविसावं पान.

जिंकलो आपण, बाई! परवा डोंबिवलीच्या एका वाचनालयात मी ते वाचून दाखवलं. एक आजोबा उठून म्हणाले की यात देशाबद्दल काहीच नाही, आणि मी उत्तर द्यायच्या आत त्यांचीच नात ओरडली, "आजोबा, थांबा ना, ती आता आपल्याकडे येतेय!" मी मनातल्या मनात नाचले.

हे पोस्टात टाकायचा प्रश्न नाही, तुमच्या घरी आता दुसरंच बिऱ्हाड आहे. पण एक सांगून टाकते. पुस्तकातलं शेवटचं घर तुमचं आहे. तुम्ही आम्हा सगळ्यांना विचारलंत आणि तुम्हाला विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. चित्रकार बाईंनी मला विचारलं, या पातेल्यात काय दाखवू? मी म्हटलं, झाकण ठेवा. आता मुलं त्या पानावर थांबतात, झाकणाखाली काय असेल यावर भांडतात, आणि सगळे मला म्हणतात, काय सुंदर शेवट सुचला हो तुम्हाला. मी हसून मान डोलावते. सुचलं कसलं, मला माहीतच नव्हतं.