गोल घुमटाचा चौथा मनोरा

तर अंकिताक्का, फोनवर परत तुझं तेच. सव्वीस वर्षांच्या पोरानं मृत्युपत्र लिहू नये, अपशकुन होतो. मी म्हणालो, शुक्रवारी जहाजाच्या इंजिनावर टर्नर म्हणून चढतोय, नऊ महिने पाण्यावर. तू म्हणालीस, "मर जा तिकडंच," आणि फोन बंद केलास. मग मेल्यावरची व्यवस्था नको का लावायला?

मी, पृथ्वीराज जोतिबा खोत, नववी नापास, हल्ली मुक्काम जामनगर, लिहून ठेवतो की माझं डोकं जाग्यावर आहे, दारू प्यालेलो नाही आणि कुणी हात धरून लिहून घेत नाही.

एक. बोरगावच्या घरातला माझा हिस्सा बहीण अंकिता हिला. उदयसिंह काका "पोरीला कशाला?" म्हणाले, तर त्यांना विचारावं की आईचं दुखणं कुणी काढलं. काका तवा शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होते.

दोन. मोटारसायकल चुलतभाऊ राजवर्धनला. तशी ती दोन वर्षं त्याच्याच बुडाखाली आहे. ऑइल बदलावं, एवढीच अट.

तीन. हत्यारांची पेटी, मायक्रोमीटरसकट, आटपाडीच्या बिरदेव अर्जुना पुकळे याला. तो आणि मी इस्लामपुरात आप्पासोंच्या वर्कशॉपमध्ये शेजारी शेजारी लेथ चालवायचो.

चार. विजापूरच्या गोल घुमटाची पितळी प्रतिकृती. चारशे पट लहान. घुमट मी लेथवर आतून पोकळ काढला, नखाएवढ्या जाडीचा. कोपऱ्यांचे चार मनोरे अष्टकोनी, ते लेथवर निघत नाहीत. आधी गोल कातून मग कानशीनं आठ बाजू पाडल्या. कारागिरांच्या प्रदर्शनाला दोन दिवस राहिले आणि चौथा मनोरा बाकी. माझ्या लेथवर कारखान्याचा शाफ्ट चढलेला. बिरदेव म्हणाला, "माझं मशीन घे की गड्या, मी भाकरी खाऊन येतो." मी मनोरा काढून घेतला, तोच आप्पासोंची गाडी वाजली. मशीनवर स्वतःचं काम करताना सापडू नये म्हणून पळालो. चक, म्हणजे लेथचा काम पकडणारा फिरता जबडा, तो आवळायची किल्ली चकातच राहिली.

बिरदेव हात पुसत आला आणि त्यानं बटण दाबलं. किल्ली सुटली ती त्याच्या डाव्या डोळ्यावर.

दवाखान्यातून आल्यावर आप्पासोंनी सगळ्यांसमोर विचारलं, "किल्ली कुणी सोडली रं?" मी खाली बघितलं. बिरदेवच बोलला, "माझंच ध्यान नव्हतं, आप्पा." त्याला खरंच तसं वाटलं. अजून वाटतं. किल्ली चकात सोडणाऱ्याला आमच्यात कारागीर म्हणत नाहीत, म्हणून तो आपणहून गेला. आता भावाची मेंढरं राखतो. आप्पासोंनी दोनदा बोलावलं, तर म्हणाला, "माझा माझ्यावर भरवसा न्हाई."

प्रदर्शनात मला पहिला नंबर मिळाला. डोळ्याला पट्टी बांधून तो आला होता. घुमटाजवळ तोंड नेऊन, एका डोळ्यानं बघत म्हणाला, "लय झ्याक उतरलाय रं." मी त्याला पेढा दिला. दुसऱ्या आठवड्यात जामनगर गाठलं, तेव्हापासून तीन कामं बदलली.

घुमटही बिरदेवलाच लिहिला होता. साक्षीदार नाथाजी म्हणाला, "डोळा फोडलास तो फोडलास, वर खेळणं देतोस व्हय?" म्हणून ते खोडलं. घुमटाचं काय करायचं ते बिरदेव सांगेल. वितळवा म्हणाला तर वितळवावा.

पाच. अक्का, बाकी सगळं मेल्यावर. चौथं कलम मात्र मी जिवंत असताना वाचायचं. मेल्यावर वाचलंत तर मी फुकटात सुटेन. बिरदेवला बोलावून घे, सगळ्या कामगारांना बसव, आणि आप्पासोंना म्हण, "आवं, मोठ्यानं वाचा." त्यानंतर बिरदेवनं मला शिवी दिली तर तीही जशीच्या तशी कळव.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली. आम्ही दोघांनी त्याला सही करताना पाहिलं:
नाथाजी पवार, मूळ विटा, सोन्याच्या गलाईचं दुकान, जामनगर.
वीरधवल माने, खोलीतला जोडीदार.

पृथ्वीराज जोतिबा खोत
जामनगर, ९ नोव्हेंबर २०२५

ता. क. त्या दिवशी लोक बसतील, तर अकरा जणांचा चहा, दीड किलो भडंग, आणि बिरदेवचं आटपाडीहून येण्याजाण्याचं एसटीभाडं. तो कामावर राहिला तर जाण्याचे परत मागू नयेत. तुझ्या खात्यावर पाठवतोय, रुपये सहाशे चाळीस फक्त.